विश्लेषण : बी.एस्सी.च्या वर्गात मुली जास्त, मग संशोधन संस्थांत कमी का? भौतिकशास्त्रातील मुली जातात कुठे?

देशातील महाविद्यालयांत विज्ञान शाखेत आज मुलांपेक्षा मुलींची संख्या जास्त आहे. तरीही संशोधन क्षेत्रात काम करणाऱ्या दर सहा जणांमागे महिला जेमतेम एक. भौतिकशास्त्रात तर ही दरी आणखी ठळक दिसते. ‘मुलींना फिजिक्स जमत नाही’ हे जुने पालुपद आकडेवारीपुढे टिकत नाही. मग मधल्या वाटेवर नेमके काय घडते? दोष मुलींच्या आवडीचा, घरच्यांचा की संस्थांचा? त्याचा हा आढावा.

आकडेवारी काय सांगते?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये पदवीपासून पीएच.डी.पर्यंत विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी होते. त्यापैकी मुली २९.८ लाख आणि मुले २७.४ लाख. म्हणजे मुलींचा वाटा ५२ टक्के. त्याच वर्षी सर्व विषयांत मिळून पीएच.डी. करणारे २.१२ लाख जण होते, त्यात महिला सुमारे ९९ हजार. २०१४-१५ मध्ये हाच आकडा ४८ हजारांच्या आसपास होता. सात वर्षांत तो दुप्पट झाला.

आता पुढची पायरी पाहू. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या आकडेवारीनुसार २०१८ मध्ये देशात संशोधन व विकासाच्या कामात प्रत्यक्ष गुंतलेल्यांमध्ये महिलांचे प्रमाण १६.६ टक्के होते. जगभरातील संशोधकांमध्ये महिलांचा वाटा साधारण एक तृतीयांश आहे, असे युनेस्को सांगते. म्हणजे वर्गात आपण जगाच्या पुढे आणि प्रयोगशाळेत जगाच्या निम्म्यावर.

हे आकडे संपूर्ण विज्ञानाचे आहेत, एकट्या भौतिकशास्त्राचे नाहीत. मात्र जीवशास्त्रात महिलांचे प्रमाण तुलनेने बरे असल्यामुळे ही सरासरी वर खेचली जाते. भौतिकशास्त्राच्या कोणत्याही मोठ्या संशोधन संस्थेच्या संकेतस्थळावरील प्राध्यापकांची यादी उघडली की चित्र लगेच स्पष्ट होते.

परदेशातही असेच आहे का?

नाही. आणि हा फरक समजून घेणे महत्त्वाचे आहे. अमेरिकेत भौतिकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांमध्ये मुलींचे प्रमाण साधारण एक चतुर्थांश आहे. ब्रिटनमध्ये ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या बारावीच्या पातळीवर, भौतिकशास्त्र घेणाऱ्यांतही मुली जेमतेम पाव हिस्सा असतात. तिथे मुली शाळेतच या विषयापासून दूर जातात. त्यामुळे तिथल्या मोहिमांचा भर शाळकरी मुलींना विषयाची गोडी लावण्यावर असतो.

आपल्याकडे दहावीपर्यंत विज्ञान सक्तीचे आहे. अकरावीला विज्ञान घेतले की डॉक्टर व्हायचे असो वा इंजिनीअर, भौतिकशास्त्र सहसा सुटत नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेतही ७२० पैकी १८० गुण भौतिकशास्त्राचे असतात आणि ही परीक्षा देणाऱ्यांमध्ये मुली निम्म्याहून जास्त आहेत. म्हणजे विषयाची भीती हे आपल्याकडचे मुख्य दुखणे नाही. आपली गळती शाळेत नव्हे, तर एम.एस्सी.नंतर होते. त्यामुळे परदेशातील मोहिमा जशाच्या तशा उचलून आणल्या तर औषध एकीकडे आणि आजार दुसरीकडे, असे होण्याचा धोका आहे.

मग बी.एस्सी.तील मुलींची संख्या ही समानतेची खूण मानायची का?

पूर्णपणे नाही. या आकड्यामागे घरातला हिशेबही आहे. मुलगा असेल तर कर्ज काढून, दुसऱ्या शहरात ठेवून इंजिनीअरिंग. मुलगी असेल तर गावाजवळच्या किंवा तालुक्याच्या महाविद्यालयात बी.एस्सी., जमल्यास एम.एस्सी., पुढे बी.एड. आणि शाळेत नोकरी. कमी खर्च, घरून ये-जा आणि ‘मुलीसाठी बरी’ मानली जाणारी नोकरी, असे हे गणित. त्यामुळे मूलभूत विज्ञानाच्या वर्गात मुली वाढल्या, पण त्यातील अनेकींसाठी ती पहिली पसंती होती की उरलेला पर्याय, हे आकड्यावरून कळत नाही.

त्याची दुसरी बाजू अभियांत्रिकीत दिसते. २०१६ मध्ये आयआयटीच्या बी.टेक. प्रवेशांत मुलींचे प्रमाण अवघे आठ टक्क्यांच्या घरात होते. अभियांत्रिकी शिकलेल्या कोणालाही मेकॅनिकलच्या वर्गातील मुली एका हाताच्या बोटांवर मोजल्याचे आठवत असेल. तेच भौतिकशास्त्र, तीच बलविद्या, तेच उष्मागतिकीचे नियम. शुल्क वाढले, शहर बदलले आणि पगाराचा आकडा मोठा झाला की मुलींची संख्या घटते. यावरून प्रश्न विषयाचा कमी आणि मुलीवर किती गुंतवणूक करायची या निर्णयाचा जास्त आहे, असे दिसते.

गळती नेमकी कोणत्या टप्प्यावर होते?

भौतिकशास्त्रातील संशोधकाचा प्रवास वयाच्या हिशेबाने मांडला की उत्तर मिळते. एम.एस्सी. पूर्ण होते २२-२३ व्या वर्षी. पीएच.डी.ला पाच ते सहा वर्षे, म्हणजे वय २८-२९. त्यानंतर पोस्ट-डॉक्टरल संशोधन. ते बहुधा परदेशात, दोन-दोन वर्षांच्या करारांवर, कधी दोन वेगवेगळ्या देशांत. कायमस्वरूपी प्राध्यापकपद मिळेपर्यंत वय ३३ ते ३५. लग्न आणि मूल यांसाठी समाजाने मुलीला आखून दिलेली वर्षे नेमकी हीच.

इतर विज्ञान शाखांतही हा पेच आहेच. पण भौतिकशास्त्रात तो अधिक घट्ट होतो. रसायनशास्त्रात पीएच.डी. केलेल्या मुलीला औषधनिर्मिती उद्योग आहे, जीवशास्त्रात जैवतंत्रज्ञान कंपन्या आहेत. नवऱ्याच्या नोकरीच्या शहरातही तिला काम मिळण्याची शक्यता असते. कणभौतिकी किंवा खगोलभौतिकीत पीएच.डी. केलेल्या मुलीसाठी देशभरात मोजक्याच संस्था आहेत. त्या पुणे, मुंबई, बंगळूरु, प्रयागराज, चेन्नई, कोलकाता अशा ठिकाणी विखुरलेल्या. पती-पत्नी दोघेही भौतिकशास्त्रज्ञ असतील तर एकाच शहरात दोन जागा मिळणे म्हणजे लॉटरीच. दोघांना एकाच संस्थेत घ्यायचे नाही, हा अनेक ठिकाणचा अलिखित नियम. त्याबद्दल महिला वैज्ञानिकांनी वर्षानुवर्षे तक्रार केली आहे. अशा वेळी माघार कोण घेते, हे वेगळे सांगायला नको.

त्यात वयाची अट येते. अनेक संस्थांच्या जाहिरातीत सहायक प्राध्यापकासाठी ३५ वर्षांच्या आसपासची वयोमर्यादा असते. काही ठिकाणी महिलांना थोडी सवलत मिळते. पण बाळंतपणात दोन वर्षे गेलेल्या उमेदवाराची शोधनिबंधांची यादी सलग काम केलेल्या उमेदवाराच्या यादीशेजारी ठेवली की ती सवलत कागदावरच राहते.

म्हणजे लग्न आणि मूल हेच खरे कारण?

सर्वसाधारण समज तसाच आहे. त्याला धक्का देणारा अभ्यास आपल्याच देशात झाला. भारतीय विज्ञान अकादमी आणि बंगळूरुच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेने २०१० मध्ये प्रशिक्षित महिला वैज्ञानिकांच्या गळतीवर अहवाल प्रसिद्ध केला. समाजशास्त्रज्ञ अनिता कुरुप आणि भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले या त्याच्या लेखकांपैकी होत्या. पीएच.डी. मिळवलेल्या शेकडो महिलांना त्यात थेट प्रश्न विचारण्यात आले. संशोधन सोडलेल्या महिलांनी कौटुंबिक जबाबदारीपेक्षा योग्य नोकरी न मिळणे, निवड प्रक्रिया आणि संस्थांमधील वातावरण या कारणांकडे बोट दाखवले.

या निष्कर्षाचे महत्त्व असे, की ‘घरच्या अडचणी’ हे कारण मान्य केले की संस्थेची जबाबदारी संपते. तिने घर निवडले, आम्ही काय करणार, असे म्हणून हात झटकता येतात. नोकरीच मिळाली नाही म्हणून ती घरी बसली आणि घरी बसली म्हणून तिने घर निवडले असे आपण म्हणतो, हा क्रम लक्षात घेतला तर प्रश्न उलटा होतो. पीएच.डी.पर्यंत पोहोचलेल्या मुलीने सहसा घरच्यांची समजूत आधीच घातलेली असते. त्यानंतर तिला अडवणारा दरवाजा घराचा नसून संस्थेचाही असू शकतो.

‘हुशार मुलगा, अभ्यासू मुलगी’ या समजाचा काय संबंध?

दहावी-बारावीचा निकाल लागला की ‘यंदाही मुलींची बाजी’ हा मथळा ठरलेला. त्यावरची प्रतिक्रियाही ठरलेली : मुली अभ्यासू असतात. मुलगा पहिला आला की तो हुशार असतो. शब्दांतला हा छोटासा फरक भौतिकशास्त्रात मोठा ठरतो.

अमेरिकेतील सारा-जेन लेस्ली, आंद्रेई सिम्पियन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीस विषयांतील १,८०० हून अधिक अभ्यासकांना त्यांनी विचारले, की तुमच्या विषयात यश मिळवण्यासाठी मेहनत लागते की उपजत प्रतिभा? ज्या विषयांतील लोक ‘उपजत प्रतिभा लागते’ असे ठामपणे मानत होते, त्या विषयांत महिला पीएच.डी.धारकांचे प्रमाण कमी आढळले. भौतिकशास्त्र, गणित आणि तत्त्वज्ञान हे विषय या गटात होते. विषयाला खरोखरच उपजत प्रतिभा लागते की नाही, हे या अभ्यासाने तपासले नाही. पण तसा समज असला, की प्रतिभा पुरुषांकडेच असते हा दुसरा समज त्याला येऊन चिकटतो, असे संशोधकांचे म्हणणे.

हा पूर्वग्रह निवडीच्या टेबलावर कसा उतरतो, हे २०१२ मधील आणखी एका प्रयोगाने दाखवले. येल विद्यापीठातील संशोधकांनी जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्राच्या १२७ प्राध्यापकांकडे प्रयोगशाळा व्यवस्थापक पदासाठी एकच अर्ज पाठवला. निम्म्यांना तो ‘जॉन’च्या नावाने गेला, निम्म्यांना ‘जेनिफर’च्या. अर्जातील मजकूर शब्दशः सारखा. तरीही जॉन अधिक सक्षम ठरला आणि त्याला देऊ केलेला वार्षिक पगार जेनिफरपेक्षा सुमारे ३,७०० डॉलरने जास्त होता. महिला प्राध्यापकांनीही तोच कल दाखवला. म्हणजे निवड समितीत एक महिला बसवली की काम झाले, असे समजण्याचे कारण नाही.

भारतात सुरुवात कशी झाली?

या प्रश्नाचा इतिहास महाराष्ट्राशी जवळून जोडलेला आहे. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र घेऊन पदवी परीक्षेत पहिल्या आलेल्या कमला भागवत यांनी १९३३ मध्ये बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते चंद्रशेखर वेंकट रामन. महिला असल्याच्या कारणावरून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाताई मागे हटल्या नाहीत, अडून बसल्या. अखेर एका वर्षाच्या परिवीक्षेच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजमधून जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय महिला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कमला सोहोनी त्या याच. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या भगिनी.

त्यानंतर रामन यांच्या प्रयोगशाळेत आलेल्या अॅना मणी यांनी हिरे आणि माणकांच्या वर्णपटावर काम केले. १९४५ मध्ये प्रबंध सादर केला. पण एम.एस्सी. नसल्याचे कारण देत मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. त्या इंग्लंडला जाऊन हवामान उपकरणांचे शास्त्र शिकल्या आणि १९४८ मध्ये पुण्यात भारतीय हवामान विभागात रुजू झाल्या. तोवर साधी उपकरणेही बाहेरून आणावी लागत. सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करून घेतले आणि त्यांचे उत्पादन देशात सुरू केले. विभागाच्या उपमहासंचालक पदावरून त्या १९७६ मध्ये निवृत्त झाल्या. पीएच.डी. मात्र कधीच मिळाली नाही.

बिभा चौधुरी यांचे काय झाले?

कोलकात्यात १९३६ मध्ये एम.एस्सी. करताना बिभा चौधुरी या वर्गातील एकमेव मुलगी होत्या. पुढे बोस इन्स्टिट्यूटमध्ये देवेंद्रमोहन बोस यांच्यासोबत त्यांनी दार्जिलिंगसारख्या उंच ठिकाणी फोटोग्राफिक प्लेट ठेवून विश्वकिरणांतील कणांचे माग टिपले. त्यांतून कणाचे वस्तुमान काढण्याची पद्धत बसवली. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचे निबंध ‘नेचर’मध्ये छापून आले. युद्धामुळे अधिक संवेदनशील प्लेट मिळेनात आणि काम थांबले. ब्रिटनमधील सेसिल पॉवेल यांच्या गटाने सुधारित प्लेट वापरून त्याच मार्गाने १९४७ मध्ये पायॉन कण शोधला. १९५० चे नोबेल पॉवेल यांना मिळाले.

चौधुरी यांनी मँचेस्टरमध्ये पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत पीएच.डी.चे काम केले. १९४९ मध्ये त्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) दाखल झाल्या. होमी भाभांच्या या संस्थेतील त्या पहिल्या महिला संशोधक. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे नाव फारसे कुणाला ठाऊक नव्हते. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या उपक्रमात एका ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव मिळाले, तेव्हा कुठे त्यांच्याविषयी लिहिले जाऊ लागले.

पुरस्कारांमध्ये काय स्थिती आहे?

भौतिकशास्त्राचे नोबेल १९०१ पासून दिले जाते. आतापर्यंतच्या सव्वादोनशेहून अधिक विजेत्यांमध्ये महिला पाच : मेरी क्युरी (१९०३), मारिया गोपर्ट मायर (१९६३), डोना स्ट्रिकलंड (२०१८), आंद्रेया गेझ (२०२०) आणि अॅन लुलिए (२०२३). पहिल्या दोघींमध्ये साठ वर्षांचे अंतर, दुसरी आणि तिसरीमध्ये पंचावन्न वर्षांचे. पल्सार ताऱ्यांचा पहिला संकेत १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांनी विद्यार्थिनी असताना टिपला. १९७४ चे नोबेल त्यांचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश आणि मार्टिन राइल यांना मिळाले.

भारतात शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार १९५८ मध्ये सुरू झाला. रसायनशास्त्रात असीमा चटर्जी यांना तो १९६१ मध्येच मिळाला. भौतिकशास्त्रात पहिल्या महिलेचे नाव येण्यासाठी २०१८ उजाडले. प्रयागराजच्या हरिश्चंद्र संशोधन संस्थेतील अदिती सेन डे या त्या मानकरी. हा पुरस्कार ४५ वर्षांच्या आतील वैज्ञानिकांसाठी आहे. कारकीर्दीत मध्येच दोन-चार वर्षे गमावलेल्या महिलेसाठी ही अट किती जाचक ठरते, हे वरच्या वयाच्या हिशेबावरून लक्षात येईल.

रोहिणी गोडबोले यांचे योगदान काय?

पुण्यात १९५२ मध्ये जन्मलेल्या, स. प. महाविद्यालय आणि आयआयटी मुंबईत शिकलेल्या रोहिणी गोडबोले यांनी अमेरिकेतील स्टोनी ब्रूकमधून कणभौतिकीत पीएच.डी. केली. त्या टीआयएफआर, मुंबई विद्यापीठ आणि १९९५ पासून भारतीय विज्ञान संस्थेत कार्यरत होत्या. म्हणजे ज्या संस्थेच्या दारात कमलाताईंना अडून बसावे लागले, तिथे सहा दशकांनी एक मराठी महिला भौतिकशास्त्राची प्राध्यापक झाली. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचे पुण्यात निधन झाले.

कणभौतिकीइतकाच वेळ त्यांनी या प्रश्नाला दिला. राम रामस्वामी यांच्यासह त्यांनी संपादित केलेले ‘लीलावतीज् डॉटर्स’ हे पुस्तक भारतीय विज्ञान अकादमीने २००८ मध्ये प्रसिद्ध केले. सुमारे शंभर भारतीय महिला वैज्ञानिकांची ओळख त्यात आहे. शीर्षकातली लीलावती म्हणजे भास्कराचार्यांच्या गणितग्रंथातली.

पुढच्या पिढीने हे काम संघटित केले. ‘इंडियन फिजिक्स असोसिएशन’ने २०१७ मध्ये या प्रश्नावर स्वतंत्र कार्यगट स्थापन केला. २०१९ मध्ये हैदराबाद विद्यापीठातील परिषदेतून भौतिकशास्त्रातील लिंगभाव समतेसाठी ‘हैदराबाद सनद’ पुढे आली. महिलांमध्ये काही कमी आहे म्हणून त्या मागे पडतात असे नाही, तर व्यवस्थेतील भेदभाव दूर करणे हे संस्थांचे काम आहे, हा तिचा रोख आहे.

सरकारी योजना कोणत्या आणि त्या पुरेशा आहेत का?

योजना बऱ्याच आहेत. नववी ते बारावीच्या मुलींसाठी ‘विज्ञान ज्योती’. संशोधनात खंड पडलेल्या महिलांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘महिला वैज्ञानिक योजना’, जी २००२-०३ मध्ये सुरू झाली. महिला संशोधकांच्या प्रकल्पांना निधी देणारी २०२० मधील ‘पॉवर’ योजना. संस्थांनी स्वतःचे मूल्यमापन करावे यासाठी ब्रिटनमधील ‘अथेना स्वान’ सनदेच्या धर्तीवर आखलेला ‘गती’ प्रकल्प, जो ३० संस्थांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार पीएच.डी. करणाऱ्या महिलेला संपूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते आणि प्रबंध पूर्ण करण्यासाठी दोन वर्षे जादा मिळतात. ही तरतूद अनेक विद्यार्थिनींना ठाऊकच नसते.

अडचण अशी, की पुनरागमनाच्या बहुतेक योजना ठरावीक मुदतीच्या असतात. महिला परत येते, दोन-तीन वर्षे प्रकल्प करते आणि मुदत संपली की पुन्हा बाहेर. कायमस्वरूपी पदाकडे जाणारा जिना या योजनांना जोडलेला नाही. शाळकरी मुलींना प्रोत्साहन देणे सोपे आणि छायाचित्रांत छान दिसणारे. प्राध्यापक भरतीचे नियम बदलणे कठीण. त्यामुळे भर पहिल्यावर राहतो.

कोणत्या उपायांचा प्रत्यक्ष फरक पडला?

दोन उदाहरणे बोलकी आहेत. हबल अवकाश दुर्बिणीवर निरीक्षणासाठी वेळ मिळवायला जगभरातून अर्ज येतात. वर्षानुवर्षे महिलांच्या नेतृत्वाखालील प्रस्तावांचे यशाचे प्रमाण पुरुषांपेक्षा कमी राहत होते. २०१८ मध्ये अर्जदाराचे नाव परीक्षकांपासून लपवण्याची पद्धत सुरू झाली. त्या फेरीत महिलांचे यशाचे प्रमाण ८.७ टक्के, तर पुरुषांचे ८ टक्के झाले. ना आरक्षण, ना जादा खर्च. फक्त नाव झाकले.

दुसरे उदाहरण आयआयटीचे. २०१८ पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा निर्माण करण्यात आल्या. मुलांच्या जागा कमी न करता मुलींचे किमान प्रमाण आधी १४, मग १७ आणि २०२० मध्ये २० टक्क्यांवर नेण्याचे ठरले. आठ टक्क्यांवर अडकलेला आकडा काही वर्षांत वीस टक्क्यांच्या घरात आला. ‘गुणवत्ता घसरेल’ ही ओरड तेव्हाही झाली होती. पण या मुलींनाही जेईई अॅडव्हान्स्डची पात्रता मिळवावीच लागते.

साध्या सोयींचाही वाटा मोठा आहे. कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेत महिलांना अधिकृतपणे निरीक्षणाची मुभा १९६५ पर्यंत नव्हती. स्वच्छतागृह नाही, ही सबब दिली जाई. व्हेरा रुबिन या ती मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. आज त्यांच्या नावाची वेधशाळा चिलीत उभी आहे. आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारा ‘लायगो-इंडिया’ प्रकल्प उभा राहतो आहे. २,६०० कोटींच्या या प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. अशा दूरच्या जागी रात्रपाळीची सुरक्षित वाहतूक, निवास आणि पाळणाघर पहिल्या आराखड्यातच असेल, तर किती महिला तिथे टिकतील याचे उत्तर वेगळे येईल. ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असणे २०१७ च्या प्रसूती लाभ कायद्यातील दुरुस्तीनंतर बंधनकारकही आहे.

भौतिकशास्त्र निवडणाऱ्या मुलीसमोर मार्ग कोणते?

बारावीनंतर आयसर, भुवनेश्वरचे नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या आवारातील अणुऊर्जा विभागाचे मूलभूत विज्ञान केंद्र इथे एकात्मिक एम.एस्सी.ची सोय आहे. आयसरसाठी स्वतंत्र चाचणी, तर उरलेल्या दोन संस्थांसाठी ‘नेस्ट’ परीक्षा असते. बी.एस्सी.नंतर ‘जॅम’, एम.एस्सी.नंतर ‘नेट’, ‘गेट’, ‘जेस्ट’ आणि टीआयएफआरची प्रवेश परीक्षा. पदवी काळात आयुका, टीआयएफआर आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या उन्हाळी व इतर उपक्रमांत प्रत्यक्ष संशोधनाचा अनुभव मिळतो. नारायणगावजवळ खोडद येथील ३० महाकाय अँटेनांची रेडिओ दुर्बीण विज्ञान दिनाच्या सुमारास प्रदर्शनानिमित्त सर्वांसाठी खुली असते. तालुक्याच्या शाळेतील मुलींना ती एकदा दाखवणे दहा भाषणांपेक्षा उपयोगी.

प्राध्यापकी हा एकच शेवट नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. भाभा अणुसंशोधन केंद्र, इस्रो, हवामान विभाग, सेमीकंडक्टर उद्योग, विदा विश्लेषण, पेटंट क्षेत्र आणि कर्करोग रुग्णालयांतील वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ अशी पदे भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तरांसाठी आहेत. आदित्य-एल १ या सूर्यमोहिमेच्या प्रकल्प संचालक निगार शाजी होत्या. चांद्रयान-२ च्या प्रकल्प संचालक एम. वनिता आणि मोहीम संचालक रितू करिधाल होत्या. कायमस्वरूपी नोकरी आधी मिळाली, तर महिला टिकतात आणि वरच्या पदांवरही पोहोचतात, हे यातून दिसते.

पुढे काय?

दरवर्षी ११ फेब्रुवारीला विज्ञानातील महिला आणि मुलींचा आंतरराष्ट्रीय दिन साजरा होतो. भाषणे होतात, मुलींचे कौतुक होते. त्यापेक्षा प्रत्येक संस्थेने चार आकडे जाहीर केले तरी बरेच उलगडेल : एम.एस्सी.ला किती मुली, पीएच.डी.ला किती, प्राध्यापकपदासाठी अर्ज किती महिलांचे आणि नेमणुका किती. पहिले दोन आकडे बहुतेक संस्थांकडे तयार असतात आणि ते चांगलेही असतात. उरलेले दोन सहसा कुणी जाहीर करत नाही. मुली कुठे जातात, या प्रश्नाचे उत्तर त्या दोन आकड्यांच्या मध्ये आहे.